आवडत्या टीमच्या मॅनेजरला काढलं की फॅनला नक्की काय वाटतं? टीम सोडावीशी वाटते, हे नॉर्मल आहे का?

नॉर्मल आहे. सोडू नका. झालं उत्तर, आता माझं ऐका, कारण या विषयावर माझं आणि माझ्या साडूभाऊंचं वीस वर्षांपेक्षा जास्त काळ वाजतंय.

मी रेड सॉक्सवाला, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल टीमचा फॅन. २००३ मध्ये बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, केबल परवडत नव्हती, कुणीतरी मूव्ह होताना दिलेला छोटा टीव्ही आणि त्याला सशाच्या कानांसारखा अँटेना. १६ ऑक्टोबरची रात्र, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, यँकीजविरुद्धच्या सिरीजची सातवी आणि शेवटची मॅच, जिंकलो की वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल. साडूभाऊ तेव्हा क्लायंटच्या कामासाठी महिनाभर आमच्याकडे उतरलेले, बेसबॉल म्हणजे लगोरीचा चुलतभाऊ एवढंच त्यांचं ज्ञान. चित्र हलायला लागलं म्हणून मी त्यांना अँटेना धरून खिडकीपाशी उभं केलं. एका ठराविक कोनात, तोंड भिंतीकडे, तेव्हा कुठे चित्र स्थिर. हलले की मुंग्या.

आठवी इनिंग, आपण ५-२ ने पुढे. आमचा पिचर (म्हणजे बोलर) पेड्रो मार्टिनेझ सात इनिंग टाकून शंभरच्या आसपास पिच करून दमलेला, सातवी संपल्यावर डगआऊटमध्ये लोक त्याला मिठ्या मारत होते, मला वाटलं सुटलो. तर आमचा मॅनेजर ग्रेडी लिटल, त्याने पेड्रोलाच परत पाठवला. एक आऊट झाला, मग यँकीजच्या जीटरचा डबल (एका फटक्यात दोन बेस), मग बर्नी विल्यम्सचा फटका, ५-३. आता ग्रेडी स्वतः माऊंडवर, पिचर उभा असतो तिथे, चालत गेला. मी हुश्श केलं, हातातलं पिठल्याचं ताट खाली ठेवलं. ग्रेडी पेड्रोशी दोन शब्द बोलला आणि एकटाच परत आला! एकटाच! मी ओरडलो "अरे काढ त्याला, काढ", आतून बायको म्हणाली हळू, बाळ झोपलंय, साडूभाऊ भिंतीला म्हणाले "काय झालं, काय झालं". मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५, तेव्हा कुठे काढला. मॅच जादा इनिंगमध्ये गेली, अकराव्या इनिंगला आमच्या वेकफील्डच्या पहिल्याच पिचवर यँकीजच्या आरन बूनने होमरन मारला, मॅच गेली आणि पिठल्यावर साय धरली होती ती तशीच सकाळी टाकून दिली.

२७ ऑक्टोबरला क्लबने सांगितलं, ग्रेडी परत येणार नाही. मी रूट नाईनवर गाडीत रेडिओ ऐकत होतो. अकरा दिवस मी हेच मागत होतो ना? पण ऐकल्यावर आनंद वगैरे काही झाला नाही, एक्झिट चुकली आणि उगाच नेटिकपर्यंत गेलो. तो दक्षिणेकडचा, संथ बोलणारा, खेळाडूंचा लाडका माणूस, घरातल्या काकासारखा. काका जातो तेव्हा भांडण आपणच काढलेलं असलं तरी घर रिकामं वाटतंच. तुम्हाला जे होतंय ते हेच आहे, त्याला टीमवरचा राग समजू नका.

साडूभाऊंचं म्हणणं असं की एका चुकीसाठी माणूस काढला, हा अन्याय. दोन सीझनमध्ये ९३ आणि ९५ मॅच जिंकून देणारा माणूस, आणि खापर सगळं त्याच्याच डोक्यावर. मी म्हणतो एक चूक नाही हो. क्रिकेटमध्ये बोलर बदलायचं कॅप्टन ठरवतो, इथे मॅनेजर, आणि काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही, म्हणून पिचर कधी काढायचा हे कळणं हाच तर त्याचा पगार. पेड्रो शंभर पिचनंतर ढिला पडतो हे क्लबच्या आकडेवाल्यांना दिसत होतं, मला पिठलं खाताना दिसत होतं. थकलेला हिरो "टाकतो मी" म्हणणारच. दुसरं कोण नाही म्हणणार, मॅनेजरनेच म्हणायचं असतं.

यावर त्यांचा हुकमी एक्का फ्रँकोना. ग्रेडीच्या जागी आला, २००४ ला यँकीजविरुद्धची सिरीज ०-३ वरून फिरवली आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, २००७ ला परत एक. मग २०११ च्या सप्टेंबरात टीम ७ जिंकल्या, २० हरल्या अशी कोसळली आणि तोही गेला, तेव्हा मी आठवडाभर क्लबला शिव्या घातल्या. साडूभाऊ म्हणतात, "म्हणजे तुला आवडला की अन्याय, नाही आवडला की न्याय." आता यावर काय बोलणार. थोडं खरं आहे. पण एक महिना बुडणं आणि एक रात्र समोर दिसत असून न हलणं यात फरक आहे, मी यावर ठाम आहे.

बाय द वे, कागदोपत्री ग्रेडीला काढलं नव्हतं, करार पुढे वाढवला नाही एवढंच. आणि पेड्रोने स्वतः जबाबदारी घेतली होती, तेही सांगायला हवं. आणि ग्रेडी नंतर डॉजर्सचा मॅनेजर झालाच, उपाशी नाही राहिला.

तर तुमच्या टीमचं. तुमच्या मॅनेजरला नक्की कशासाठी काढलं ते प्रश्नात लिहिलंच नाहीये, त्यामुळे बरोबर की चूक मी कसं सांगू. पुढच्या सीझनची पहिली मॅच बघा, नव्याला शिव्या घालायला लागलात की समजा टीम अजून तुमचीच आहे.

२००४ ची ती वर्ल्ड सिरीज जिंकलो तीसुद्धा २७ ऑक्टोबरलाच, बरोब्बर वर्षाने. त्यामुळे साडूभाऊ दरवर्षी त्या तारखेला न चुकता फोन करतात, न्यूजर्सीहून, आता यँकीज फॅन आहेत, आणि बून यँकीजचा मॅनेजर झाल्यापासून तर बघायलाच नको. "बिचारा ग्रेडी" म्हणून सुरुवात करतात. ज्या माणसाने ती आख्खी आठवी इनिंग भिंतीकडे तोंड करून काढली त्याने मला सांगायचं पेड्रो दमलेला दिसत होता की नाही.