वाचकांचे प्रश्न : मीटर गेजवरची वायडीएम-४ आणि तिचे मार्ग

प्रश्न : एचओ (१:८७) प्रमाणात वायडीएम-४ या मीटर गेजच्या (१००० मिमी) डिझेल इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं आहे. लेआउट (रूळ आणि देखाव्याची मांडणी) महाराष्ट्रातलाच हवा. हे इंजिन आपल्याकडे कुठे धावलं? मिरज–लातूर दाखवलं तर चालेल का?

उत्तर : मिरज–लातूर नको. तो बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमीचा नॅरो गेज होता. मूर्तिजापूर–यवतमाळ, पुलगाव–आर्वी आणि पाचोरा–जामनेर हेही नॅरो गेजच. इंजिनाच्या वर्गाच्या नावातलं पहिलं अक्षर पाहिलं की घोटाळा होत नाही : वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे ७६२ मिमी, एन म्हणजे माथेरानसारखा ६१० मिमी.

आपल्या भागातले मोठे मीटर गेज मार्ग असे : मनमाडहून औरंगाबाद–परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा (काचीगुडा–मनमाड अजिंठा एक्सप्रेसचा), मिरज–लोंढा–वास्को, होटगी–विजापूर–गदग आणि पूर्णा–अकोला–खांडवा. १९९२ मध्ये मार्ग ब्रॉड गेज करण्याचा युनिगेज प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या दोन मार्गांचं रूपांतर बहुतांशी त्याच दशकात उरकलं. म्हणून तिथला लेआउट साठ ते नव्वदच्या दशकांतलाच करावा लागेल. अमेरिकेच्या अल्को कंपनीची पहिली वायडीएम-४ इंजिनं १९६१ नंतर आली, वाराणसीच्या कारखान्यातली १९६८ पासून. त्याआधीच्या काळात हे इंजिन ठेवू नका.

आमच्या मते अकोला–खांडवा घ्या. पूर्णा–अकोला २००८ मध्ये ब्रॉड गेज झाला, पण अकोला–खांडव्यावर मीटर गेजच्या गाड्या २०१६ अखेरपर्यंत धावत होत्या. त्यामुळे संदर्भासाठी रंगीत छायाचित्रं आणि चित्रफिती मुबलक मिळतात. शिवाय मेळघाटातला धूळघाट इथेच आहे, जिथे रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातो. एक पथ्य पाळा : खांडव्याच्या दक्षिणेचा भाग दक्षिण मध्य रेल्वेचा आणि उत्तरेचा, म्हणजे महू–रतलामकडचा, पश्चिम रेल्वेचा. इंजिनावर त्याच्या शेडचं (देखभालीच्या ठिकाणाचं) नाव लिहिलेलं असतं. लेआउटजवळ उभं राहून पाहणारा जाणकार आधी तेच वाचतो, तेव्हा ज्या वर्षाचं छायाचित्र समोर ठेवलंत त्यातलंच नाव उतरवा.

प्रश्न : धूळघाटाचा वळसा करायला जागा किती लागेल? ४०० मिमी त्रिज्या पुरेल का?

उत्तर : गणित मांडून पाहू. चढ १:४० धरा (पाताळपाणी–कालाकुंडचा एवढाच आहे), म्हणजे मीटरमागे २५ मिमी. ४०० मिमी त्रिज्येच्या पूर्ण फेरीची लांबी २.५१ मीटर, म्हणून चढ मिळतो ६३ मिमी. त्यातून १२ मिमीचं प्लाय आणि रुळाचे ५ मिमी वजा केले की खाली उरतात ४६. एचओमध्ये मीटर गेजचं इंजिन सुमारे ४० मिमी उंच असतं. गाडी निघून जाईल, पण आत डबा घसरला तर बोटही शिरणार नाही. ५०० मिमी त्रिज्या घेतली तर फेरी ३.१४ मीटर, चढ ७८ मिमी आणि मोकळी जागा ६१. एवढी हवीच. दोन्ही बाजूंची कड धरून टेबल किमान ११५ सेंमी रुंद ठेवा.

चढ एकदम सुरू करू नका. पहिल्या ३०–४० सेंमीत तो हळूहळू वाढवा, नाहीतर तीन धुऱ्यांच्या बोगीचं मधलं नाहीतर टोकाचं चाक उचललं जातं आणि इंजिन अडखळतं. लांब गाडी चढावरच्या वळणात आतल्या बाजूला आडवी होते, कारण पुढून ओढ बसते आणि मागचं वजन धरून ठेवतं. अशा वेळी हलका डबा इंजिनाला लागून कधीच नको. सगळ्या डब्यांचं वजन सारखं करा.

घाटातल्यासारखं मागे बँकर (गाडी ढकलणारं इंजिन) लावणार असाल तर दोन्ही इंजिनं आधी सुटी, हातभर अंतराने, एकाच व्होल्टेजवर सपाट रुळावर फिरवा. मागचं पुढच्याला गाठत असेल तर जागा बदला. बँकर किंचित मंदच हवा. वेगवान असला की मधले डबे वळणाबाहेर ढकलले जातात.

प्रश्न : टीटी (१:१२०) प्रमाणातल्या सहा धुऱ्यांच्या डिझेलची चासी (मोटर आणि चाकांसह खालचा भाग) वापरता येईल का? गेज १२ मिमीच आहे.

उत्तर : येईल, आणि सोयीचा मार्ग तोच. १००० मिमीला ८७ ने भागलं की ११.५ मिमी येतात, म्हणून एचओएमचा (एचओमधल्या मीटर गेजचा) १२ मिमी रूळ जवळचा. अडचण चाकांची आहे. वायडीएम-४ चं चाक ९६५ मिमीचं, म्हणजे मॉडेलमध्ये ११.१ मिमी, टीटीमधलं मीटरभर व्यासाचं चाक ८.३ मिमी भरतं. तसंच ठेवलं तर इंजिन जवळपास १.४ मिमी खाली बसतं आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) जुळत नाही. इंजिनाचं वरचं कवच तेवढं उचलून बसवा आणि फरक बोगीच्या बाजूच्या फ्रेमने झाका. मोठी चाकं घालायचीच असतील तर ती शेजारच्या चाकाला आणि गिअरच्या खोक्याला घासत नाहीत ना, हे आधी मोजा. रूळ मात्र टीटीचा नको. त्याचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) आखूड आणि दाट असतात, फोटोत लगेच उघडे पडतात.

प्रश्न : इंजिनाच्या टोकांना बफर कसे बसवू?

उत्तर : बसवूच नका. ब्रॉड गेजसारखे दोन बाजूंचे बफर इथे नसतात. आपल्या मीटर गेजवर मधोमध एकच एबीसी कपलर असतो, तोच ओढतो आणि तोच धक्का घेतो. चालवताना कोणताही छोटा कपलर वापरा, पण बफर बीम मोकळा आणि व्हॅक्यूम ब्रेकचा जाड पाइप उभा दाखवा. एवढ्यानेच इंजिनाचं तोंड बदलतं.

प्रश्न : हे इंजिन महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात कुठे दिसेल?

उत्तर : निलगिरी रेल्वेच्या कुन्नूर–उटी भागात. लमडिंग–बदरपूरच्या डोंगरी मार्गावर आणि दिल्ली–अहमदाबाद मार्गावरही ते ब्रॉड गेज होण्याआधी हे इंजिन धावायचं. पाताळपाणी–कालाकुंडची हेरिटेज गाडी २०१८ पासून हेच इंजिन ओढतं. व्हिएतनामची डी१३ई इंजिनंही वाराणसीचीच. अमेरिका-कॅनडातल्या व्हाइट पास अँड युकॉनवर अल्कोच्या याच डीएल५३५ घराण्यातली इंजिनं धावली, पण तो ९१४ मिमीचा गेज आहे, एचओमध्ये १०.५ मिमी रूळ लागेल.