दुसऱ्याची कविता हातात आल्यावर

वडोदरा,
आषाढ महिना

प्रिय कवयित्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काव्यमंडळातल्या पाच जणांच्या कविता तुझ्याकडे आल्या आहेत आणि रविवारपर्यंत प्रत्येकीवर काही लिहून न्यायचं आहे. 'मला यातलं काय कळतं, मी काय लिहू?' असं तू विचारलंस. कवितेतलं कळणं पुढे हळूहळू वाढेल. आज तुला लक्षपूर्वक वाचता येतं, आणि आपण काय वाचलं ते प्रामाणिकपणे सांगता येतं. एवढ्यावर काम सुरू होतं.

पाचही कविता एका बैठकीत वाचू नकोस. तिसऱ्या कवितेपर्यंत कान थकतो, आणि तिसरीवरचा राग चौथीवर निघतो. दिवसाला दोन पुरेत. एका कवितेला वीस-पंचवीस मिनिटं दे. पहिलं वाचन मनातल्या मनात, हातात पेन्सिल न घेता. दुसरं मोठ्याने, जिथे जीभ अडखळेल तिथे समासात बारीक रेघ मार, कारण शोधू नकोस. तिसरं वाचन दुसऱ्या दिवशी. रात्रभरात जी ओळ आपणहून आठवली ती लिहून ठेव. रात्री ज्या रेघा मारल्या होत्या त्यांतल्या निम्म्या सकाळी पुसाव्याशा वाटतील, त्या खुशाल पूस.

लिहायला बसलीस की सुरुवात 'छान' किंवा 'आवडली'ने करू नकोस. कविता तुला कशाबद्दल वाटली ते दोन वाक्यांत सांग. उदाहरणार्थ, 'ही कविता एका बंद घराबद्दल आहे. बोलणारी बाई त्या घराजवळ येते, पण कुलूप उघडत नाही.' हे फार साधं वाटेल, पण कवीला सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो. त्याला आपली कविता बाहेरून कधीच दिसत नाही. मनात जे होतं ते कागदावर उतरलं की मनातच राहिलं, हे त्याला तुझ्या दोन वाक्यांतून कळतं. तुझा अर्थ चुकला तरी बिघडत नाही. कुठे घसरला हे पाहून तो त्या जागेकडे परत जाईल. म्हणूनच लिहिण्याआधी कवीला फोन करून अर्थ विचारायचा नाही. एकदा त्याने सांगितलं की तुझं वाचन संपलं, मग त्याचं स्पष्टीकरणच तुला कवितेत दिसत राहतं.

मग ज्या ओळीने तुला धरलं त्या ओळीवर बोट ठेव. ओळ जशीच्या तशी उतरवून घे आणि नेमक्या कुठल्या शब्दाने काय केलं ते सांग. 'शब्दरचना अप्रतिम' हे कुठल्याही कवितेखाली चालतं, म्हणून ते कुठल्याच कवितेचं नसतं. त्याऐवजी असं लिही: '"कुलपावर बोटांचे ठसे अजून ओले" यातल्या "ओले"ने माणूस आत्ताच गेल्यासारखं वाटलं. आधीच्या कडव्यात सतरा वर्षांचा हिशेब आला होता, म्हणून तो शब्द अंगावर आला.' असं वाचल्यावर कवीला आपलं बळ कुठे आहे ते कळतं आणि पुढच्या दुरुस्तीत तो ती जागा सांभाळतो. नुसत्या 'छान'वर तो काहीही सांभाळू शकत नाही. उलट चांगली ओळ खोडून वाईट ठेवण्याचीच भीती जास्त.

यानंतर एकच ढिली जागा दाखव. सहा दाखवल्यास तर दोनांपैकी एक होतं: कवी त्यातली सगळ्यांत सोपी, म्हणजे बहुधा शुद्धलेखनाची, दुरुस्त करून मोकळा होतो, नाहीतर कविता फाडून टाकतो. ढिली जागा शोधताना शेवटच्या दोन ओळी आधी बघ. होतकरू कवितेचं सर्वांत मोठं दुखणं तिथे असतं: कविता संपलेली असते, पण वाचकाला ती कळेल यावर कवीचा विश्वास नसतो, म्हणून तो अर्थ सांगून जातो. त्या दोन ओळी तळहाताने झाकून वाच. काही गमावलं नाही असं वाटलं तर तेवढंच लिही. कधीकधी पहिलं कडवंही असंच असतं, गाणाऱ्याने घसा साफ करावा तसं. एकाच गोष्टीला लागोपाठ दोन उपमा दिल्या असतील तर दुसरी पहिलीला खाते. आणि यमकासाठी ओढून आणलेला शब्द ओळखायचा असेल तर ओळीचा सरळ गद्य अन्वय लाव. अन्वयात जो शब्द कुठेच बसायला तयार नसेल, तो यमकाने आणलेला.

वृत्तातल्या कवितेवर बोलताना 'लय बिघडली' एवढं म्हणणं पुरत नाही, कुठल्या अक्षराशी बिघडली ते सांगावं लागतं. भुजंगप्रयात हे वृत्त घे. लघु म्हणजे एका मात्रेचं, ह्रस्व उच्चाराचं अक्षर, गुरू म्हणजे दोन मात्रांचं, आणि गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. भुजंगप्रयातात चार यगण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा. अक्षरं बारा, मात्रा वीस. समज, कुणी लिहिलं: 'तळ्याच्या काठावर दिवे लागताना'. 'तळ्याच्या' हा पहिला यगण ठीक. दुसऱ्याची सुरुवात लघूने व्हायला हवी, तिथे 'का' हा गुरू आला, आणि पुढे एक अक्षर वाढून एकूण तेरा झाली. हे एवढं लिही आणि थांब. 'काठावर'च्या जागी 'कडेने' घाल, म्हणजे बसेल, असं तुला लगेच सुचेल. बसेलही. पण ते देऊ नकोस. कवी तुझं 'कडेने' घेईल आणि त्याचा शोध तिथेच संपेल. त्याला नुसतं दुखणं सांगितलंस तर तो चार दिवस त्या ओळीभोवती फिरेल आणि कदाचित 'तळ्याच्या उशाशी दिवे लागताना' घेऊन येईल. मात्रा तेवढ्याच, गण तेच, पण आता तळं निजलेलं आहे, आणि ते तुझ्या दुरुस्तीतून कधीच आलं नसतं. दुसऱ्याची ओळ आपण लिहून देण्याने होणारं नुकसान मला 'छान'पेक्षाही मोठं वाटतं.

इथेच एक चूक सांगून ठेवतो, कारण नव्याने लघुगुरू शिकलेले सगळे ती करतात. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, एवढंच पाठ करून ते 'तळ्याच्या'मधला 'त'सुद्धा गुरू मोजतात. तो लघूच. 'ळ्या' म्हणताना 'त'वर आघात येत नाही. 'सत्य'मधल्या 'स'वर तो येतो, म्हणून तो गुरू. 'तुझ्या', 'उद्या', 'पुन्हा' मोठ्याने म्हणून बघ, कान सांगेल. कान आणि नियम यांचं भांडण मिटत नसेल तर ग्रंथालयात माधव जूलियनांची 'छंदोरचना' मागून घे आणि मगच दुसऱ्याची चूक काढ.

माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांचा जन्म 1894चा आणि आपल्याच गावातला. 1923 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या रविकिरण मंडळात ते होते. मंडळातले कवी एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांना वाचून दाखवत. त्याच मंडळातले कवी यशवंत पुढे 1940 मध्ये बडोद्याचे राजकवी झाले. एकमेकांपुढे कविता ठेवण्याचा रिवाज तुला अवघड वाटत असला, तरी या गावच्या मराठीला तो परका नाही.

मात्रावृत्तात, म्हणजे ओळीच्या मात्रा मोजून लिहिलेल्या कवितेत, आपल्या वडोदऱ्याच्या मुलांची एक खास अडचण होते. 'पावसात मी भिजून आले' या ओळीच्या मात्रा सोळा, आठ-आठचे दोन भाग. कुणी 'भिजुन' लिहिलं की पंधरा होतात आणि दुसरा भाग लंगडतो. शाळा गुजराती माध्यमाची असेल तर कान ही चूक पकडत नाही, कारण गुजरातीत इ-उचं ह्रस्वदीर्घ लिहिण्यापुरतं उरलंय, बोलण्यात ते ऐकू येत नाही. तेव्हा इथे शुद्धलेखन काढलंस तर ते मात्रेचं कारण देऊन काढ. बाकीच्या शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या चिठ्ठीवर, शेवटी, एकही शेरा न मारता.

गुजराती शब्दांचंही असंच जपून. 'चहा निवली' असं आलं तर विचार, कारण 'चा' गुजरातीत बाई आहे आणि मराठीत चहा पुरुष. बहुतेक वेळा ते नकळत झालेलं असतं. पण 'पावसात बारी उघडी राहिली' किंवा 'पोळ झोपली' यावर एकदम काट मारू नकोस. बारी म्हणजे खिडकी आणि पोळ म्हणजे घराला घर लागलेली आपली गल्ली, हे इथे कुणालाही सांगावं लागत नाही. पुण्या-नागपूरचा वाचक मात्र बारीला पाळी समजेल, आणि पोळ म्हटल्यावर त्याच्यापुढे मोकाट सोडलेला वळू उभा राहील. हे दोन्ही कवीला सांग, निवड त्याची. मी स्वतः 'बारी' ठेवायच्या बाजूचा आहे. आपल्या मांडवी भागातल्या घराच्या बारीला 'खिडकी' म्हटलं की ते घर दुसऱ्या गावाला जातं.

मुक्तछंदाला मात्रा मोजत बसू नकोस. ती कविता एकदा ओळी न तोडता परिच्छेदासारखी लिहून काढ आणि वाच. काही हरवलं तर ते कुठे हरवलं, ती ओळ-तोड खरी. जिथे काहीच हरवलं नाही तिथे ओळ का तोडली, एवढा प्रश्न विचार. अभंगात मात्रा नाही, अक्षरं मोजायची: मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना.

गझल आली तर आधी मतला, म्हणजे तिचा पहिला दोन ओळींचा शेर, वाच, कारण गझलेचा करार तिथे होतो. मतल्यात 'किनारा आहे' आणि 'पसारा आहे' असं आलं, तर 'आहे' हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परतणारा शब्द झाला, त्याआधीचा 'रा'वर संपणारा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द झाला आणि 'रा'च्या आधीचा 'आ' ही अलामत झाली. पुढे एखाद्या शेरात 'कोरा आहे' आलं की 'आ'च्या जागी 'ओ' आला, करार मोडला. नेमकं हेच लिही. मात्र 'शेरांचा एकमेकांशी संबंध लागत नाही' असं लिहिलंस तर कवी मनात हसेल. प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहावा हीच तर गझलेतली अट आहे. तो एकटा काढून वाचल्यावर उभा राहतो का, हे बघ.

कवितेतला 'मी' म्हणजे समोरचा माणूस, असं धरून कधीच लिहू नकोस. 'तू इतकी एकटी आहेस हे माहीत नव्हतं' हा अभिप्राय नाही, ती चौकशी झाली, आणि पुढच्या वेळी ती मुलगी खरं लिहायला कचरेल. 'कवितेतली बाई' असं लिही. अपवाद एकच. घरातलं कुणी नुकतंच गेलंय हे तुला ठाऊक आहे आणि कविता त्यावरच आहे, तर आधी माणसासारखं भेट, बोल. मग विचार: कवितेबद्दल आत्ता ऐकायचंय की नंतर? 'नंतर' म्हणाला तर कागद जपून ठेव.

'तिने माझ्यावर चांगलं लिहिलं, म्हणून मी तिच्यावर' या देवाणघेवाणीत मंडळं बुडतात. सगळे खूश असतात आणि वर्षभरात कुणाचीच कविता हललेली नसते. तसंच कवितेला उत्तर म्हणून आपली कविता लिहून देणंही टाळ. त्यात समोरच्याची कविता बाजूलाच राहते.

बैठकीत प्रत्येक कविता दोनदा वाचली जावी असा आग्रह धर, एकदा कवीने आणि एकदा दुसऱ्या कुणीतरी. कवी वाचताना आपल्या आवाजाने खड्डे भरून काढतो. दुसरा वाचतो तेव्हा ते उघडे पडतात. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कवीने गप्प राहायचं. आठ जण असतील तर पाचापेक्षा जास्त कविता घेऊ नका, शेवटच्यांना न्याय मिळत नाही.

तुझ्या कवितेची पाळी आली की वही उघड आणि जे कोणी जे म्हणेल ते त्यांच्याच शब्दांत उतरव. उत्तर देऊ नकोस, 'मला तिथे असं म्हणायचं होतं' हेही नको. आठवडाभर वही मिटून ठेव. तिघे एकाच ओळीशी अडखळले असतील तर ती ओळ दुरुस्तीला आली आहे. तिघांनी सुचवलेले तीन उपाय मात्र बाजूला ठेव. दुखण्याची जागा ते बरोबर सांगतात, औषध तुझं तुलाच शोधावं लागतं.

आता हातातल्या पाचांबद्दल. पावसावरची आधी घे, ती मात्रावृत्तात आहे, मोजायला हात बसेल. गझल शेवटी ठेव. वडिलांवरची जी आहे तिच्यासाठी वर लिहिलं तसं आधी त्या मुलाला भेट. प्रत्येक अभिप्राय आठ-दहा ओळींचाच असू दे आणि त्याच्या दोन प्रती काढ, एक कवीला द्यायची, एक तुझ्याकडे. कविता दुरुस्त होऊन पुन्हा आली की तुझी प्रत शेजारी ठेवून वाच. तू बोट ठेवलेली ओळ तशीच राहिली असेल तर लगेच पुन्हा टोकू नकोस. उरलेली कविता तिच्याभोवती बदलली असेल, आणि आता ती कदाचित बसली असेल.

कळावे, लोभ असावा.

तुझा शुभेच्छुक