फादर स्वतः ऑपरेशन करतात?

प्रश्न : कॅथलिक फादर रुग्णालय चालवतात म्हणजे नुसती देखरेख, की उपचारही? – एक वाचक, वसई

उत्तर : काही जण उपचारही करतात. इटलीचे फादर जुझेप्पे आंब्रोझोली आधी डॉक्टर झाले, मग १९५५ मध्ये धर्मगुरू. युगांडातल्या कालोंगोच्या दवाखान्याचं त्यांनी रुग्णालय उभं केलं. ऑपरेशनंही स्वतः करत. प्रसूती विभागात उमेदवारी केलेल्या मला मोठी वाटते ती त्यांची १९५९ ची सुईणींची शाळा. बाळंतपण अडलं, तर हाताशी शिकलेली बाई हवीच ना! १९८७ च्या फेब्रुवारीत लष्कराने कालोंगो रिकामं करायला लावलं. स्वतःची मूत्रपिंडं निकामी होत आलेली, तरी मुलींचं शिक्षण बुडू नये म्हणून शाळा आंगालला हलवण्यासाठी ते धडपडले. २७ मार्चला युगांडातल्याच लिरा शहरात वारले. रुग्णालय पुन्हा सुरू झालं, शाळाही.