विश टाकून मेलेला भाऊ परत मागितला, तर डीएमनं काय द्यावं?

प्रश्न असा आहे: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथा-खेळात 17व्या लेव्हलच्या विझार्डनं (जादूगार पात्रानं) विश, म्हणजे इच्छा पुरी करणारा नवव्या, सगळ्यात वरच्या लेव्हलचा स्पेल (मंत्र), टाकली आणि म्हटलं, "ड्रॅगनच्या आगीत गेलेला माझा भाऊ परत यावा." डीएमनं (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) भाऊ आणला, पण चालता सांगाडा म्हणून, कारण 'जिवंत' हा शब्द उच्चारलाच नव्हता. खेळाडू दुखावलाय आणि डीएमला कळत नाहीये की विशची हद्द नेमकी कुठे आखायची.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. हद्द मागणी केवढी आहे त्यावर ठरते, शब्दांवर नाही. आणि मागणी मोजायचं माप नियमांतच आहे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या नियमांत विश आठव्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा कुठलाही स्पेल जसाच्या तसा करून देते. महागडं साहित्य लागत नाही, नंतर काही भोगावंही लागत नाही. मग एक ठरलेली यादी येते: 25,000 सोन्याच्या नाण्यांपर्यंतची बिनजादूची वस्तू, 20 जणांचे सगळे हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) भरून देणं वगैरे. त्यापलीकडचं सगळं डीएमवर सोडलंय.

आता भाऊ. मेलेल्याला जिवंत करणारा रिझरेक्शन हा सातव्या लेव्हलचा स्पेल. मरून 100 वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत, मरण म्हातारपणानं आलेलं नसावं, आणि मृतदेहाला हात लावावा लागतो. देह हाती असता तर विशनं हे काम विनासायास झालं असतं. इथे राखही उरली नाही, म्हणून ट्रू रिझरेक्शन लागतो. तो नवं शरीरसुद्धा देतो, पण नवव्या लेव्हलचा आहे. म्हणजे मागणी हद्दीच्या एकच पायरी वर आहे, आणि विश स्वतः नवव्याच लेव्हलची. खेळाच्या जुन्या 3.5 आवृत्तीत तर याचं उत्तर छापलेलंच होतं: देह नष्ट झाला असेल तर दोन विश, एक देहासाठी, दुसरी प्राणासाठी. अवघड, पण होणारं काम.

याउलट "ड्रॅगननं हल्लाच केला नसता तर" अशी मागणी असती, तर मीही हात आखडता घेतला असता. यादीप्रमाणे विश मागचं बदलते ते केवळ गेल्या राउंडमधला (खेळातल्या सहा सेकंदांच्या फेरीतला) एक फासा पुन्हा टाकायला लावून. सहा सेकंदांच्या त्या सवलतीपुढे काही वर्षांचा इतिहास पुसणं फारच मोठं झालं.

मागणी उलटवायची मुभा पुस्तक देतं, हे खरं. खलनायक मरावा म्हटलं तर तो मेलेला असेल अशा भविष्यात तुम्हीच फेकले जाल, हे उदाहरण तिथलंच आहे. पण मागणी जितकी मोठी तितकी गडबडीची शक्यता जास्त, असंही तिथेच लिहिलंय. शिवाय देणारा कोण हे बघा. मनाविरुद्ध राबवलेल्या इफ्रीतनं (इच्छा पुरवणाऱ्या आगीच्या जिननं) शब्द पकडून सूड घेतला तर ते त्याला शोभतं. विझार्डच्या स्वतःच्या स्पेलला त्याच्याशी वैर कशाला असेल? मी पूर्वी एका कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या खेळात) शब्दांवरून दोन विश उलटवल्या होत्या. तिसरी विश खेळाडूंनी करारनाम्यासारखी कलमं घालून लिहून आणली आणि अख्खं सेशन ती वाचण्यात गेलं. तेव्हापासून विश पूर्ण होण्याआधी मी विचारतो, "तुला नक्की काय हवंय?" आणि धोका दिसत असेल तर तिथल्या तिथे सांगतो.

तुमच्या टेबलवर मी सांगाडा मागे घेईन आणि खेळाडूला तसं स्पष्ट सांगेन. भाऊ जिवंत येऊ दे. नियमातली किंमत मात्र पूर्ण वसूल करा, कारण इथे विशनं आठव्या लेव्हलपर्यंतचा दुसरा स्पेल नुसता जसाच्या तसा केलेला नाही: लाँग रेस्ट (पात्राची लांब विश्रांती) होईपर्यंत प्रत्येक स्पेलला त्याच्या लेव्हलइतके डी10 (दहा बाजूंचे फासे) नेक्रॉटिक डॅमेज, म्हणजे प्राण शोषणारी इजा, 2डी4 (चार बाजूंचे दोन फासे टाकून येतील तितके) दिवस स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, फक्त 3, आणि पुन्हा कधीच विश टाकता न येण्याची 33 टक्के शक्यता. तो फासा सगळ्यांसमोर, खेळाडूच्याच हातून पडू दे. भाऊ धडधाकट समोर उभा आहे आणि त्याला परत आणणाऱ्याला स्वतःची झोळीही उचलवत नाहीये. पुढचं सेशन तिथूनच सुरू करा.