कार्निव्हलच्या आठवड्यात कोलोनला उतरणार असाल तर

तुम्ही विचारलंत की जर्मनीतल्या कोलोनचं ४ फेब्रुवारी २०२७चं तिकीट आहे, सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. कार्निव्हलच्या, म्हणजे सोंगं आणि मिरवणुकांच्या उत्सवाच्या, गर्दीत यावं की आठवडाभर पुढे ढकलावं? बिनधास्त या. फक्त त्या दिवसांत सरकारी काम ठेवू नका.

तुम्ही येताय तो गुरुवार म्हणजे 'वायबरफास्टनाख्ट', बायकांचा दिवस. त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कापतात. सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी शहर कामधाम गुंडाळतं. पुढच्या सोमवारी, 'रोझेनमोंटाग'ला, कायद्याने सुट्टी नाही, पण इथली बहुतेक ऑफिसं बंदच असतात. पत्त्याची नोंदणी राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, तिची अपॉइंटमेंट १० तारखेनंतरची घ्या.

पहिल्या वर्षी मला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं. मी नवाकोरा रेशमी टाय लावून ऑफिसला गेलो. रिसेप्शनवरच्या बाई हसत हसत कात्री घेऊन आल्या, गाठीखाली चार बोटं सोडून टाय कचकन कापला, वर गालाची पापी घेतली आणि कापलेला तुकडा बोर्डावर टाचला. तिथे आधीच सात-आठ तुकडे लटकत होते! जुना टाय लावून गेलेला माझा सहकारी मात्र खुशीत होता.

मुलीला सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीत नेऊ नका, ती तासन् तास चालते. रविवारी शाळांची आणि वस्त्यांची मिरवणूक असते, तिथे न्या. रथावरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. 'कामेले!' असं ओरडायचं आणि छत्री उलटी धरायची. चष्मा सांभाळा, चॉकलेटची अख्खी वडी नाकावर बसते. सोंग हवंच, साध्या कपड्यांत आपणच विचित्र दिसतो. पण एक माप मोठं घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे. आरोळी 'आलाफ'. 'हेलाउ' ही शेजारच्या ड्युसेलडॉर्फची, चुकूनही म्हणू नका.

बिअर इथे ०.२ लिटरच्या उभ्या ग्लासात येते. ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवली नाहीत, तर वेटर न विचारता पुढचा आणून ठेवतो.

घर ठरलं नसेल तर त्स्युल्पिशर श्ट्रासंच्या आसपास घेऊ नका. तो विद्यार्थ्यांचा अड्डा. या दिवसांत आणि ११ नोव्हेंबरला, हंगाम सुरू होतो तेव्हा, तिथे लहान मूल झोपणं अशक्य.