चकाचक कॅन, बुळबुळीत पनीर

प्रश्न : आम्ही आठजणी मिळून रोज सुमारे २०० लिटर दुधाचं पनीर आणि चक्का करतो. उन्हाळा लागल्यापासून पनीर तिसऱ्या दिवशीच बुळबुळीत होतं आणि हॉटेलवाले परत पाठवतात. स्वच्छतेत आम्ही कसूर करत नाही. दुधाचे कॅन रोज उकळत्या पाण्यानं आणि तारेच्या घासणीनं घासतो, फडक्यानं कोरडे करतो. फरशीला फिनेल असतं. एक विक्रेता ‘फूड ग्रेड’ केमिकलचा मोठा कॅन घ्याच म्हणून मागे लागलाय. घ्यावा का?
– एक भगिनी, ता. शिराळा, जि. सांगली

उत्तर : ताई, सध्या नको. पैसे राखून ठेवा, खाली दुसरी यादी देतो.

तुम्ही पनीरसाठी दूध ९० अंशांच्या आसपास तापवत असाल. नासवणारे बहुतेक जंतू तिथंच मरतात. मग बुळबुळ आणणारे आले कुठून? ते नंतर आले. दूध फाटल्यावर पनीर कशाकशाला लागतं ते बोटांवर मोजा : मलमलचं कापड, साचा, दाबायची फळी, सुरी, हात आणि गार पाण्याची टाकी. तुमची सगळी मेहनत मात्र कॅनवर, म्हणजे तापवण्याआधीच्या भांड्यावर. मी डेअरीत धुलाई विभागात बरीच वर्षं काढली. तिथंही नवा पोरगा सगळ्यात मोठं भांडं आधी चकाचक करायचा, कारण ते साहेबांना लांबून दिसतं.

माझा पहिला संशय टाकीवर. पनीरचे ठोकळे दोन-तीन तास गार पाण्यात बुडवून ठेवता ना? ते पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल, तर थंडीतही वाढणारे जंतू त्यात आरामात राहतात आणि बुळबुळ हा त्यांचाच धंदा. पाणी उकळून, झाकून, गार करून वापरा आणि रोज बदला. बर्फ टाकत असाल तर तोही अशाच पाण्याचा हवा. टाकीच्या झाकणाची आतली बाजू कोणी घासत नाही, ती घासा.

दुसरा संशय कापडावर. काम संपताक्षणी ते गार पाण्यात खळबळून निवळी आणि कण काढून टाका. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, पंधरा-वीस मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. वासाची पावडर नको, वास चक्क्यात उतरतो. फिनेलचंही तेच. दुधातली चरबी वास धरून ठेवते. फिनेल संडासापुरतं ठेवा.

आणि ते कोरडं करायचं फडकं! सकाळी धुतलेलं फडकं दुपारपर्यंत दहा भांड्यांवर फिरतं, म्हणजे एका भांड्याची घाण दहांना वाटली जाते. ते बंदच करा. भांडी मांडणीवर उपडी घाला, वाऱ्यानं वाळू द्या.

आता धुण्याचा क्रम. उकळतं पाणी आधी ओतू नका. दुधातली प्रथिनं शिजून पत्र्याला चिकटतात, मग घासणी घेऊन बसावं लागतं. पहिलं पाणी कोमट, हाताला सोसेल असं. त्यानंतर सोड्याचं गरम पाणी आणि ब्रश, मग साधं पाणी. तारेची घासणी फेकून द्या : तिचे तुकडे पनीरमध्ये जातात आणि स्टीलवर पडलेल्या चऱ्यांत जंतू घर करतात. नायलॉनचे दोन रंगांचे ब्रश घ्या, निळा भांड्यांना आणि लाल फरशीला. निळ्याचा केस तुटून पडला तर पांढऱ्या पनीरवर लगेच दिसतो.

भांड्याच्या आत नख फिरवून बघा. खरखरीत, पिवळट थर लागला तर तो दुधाचा खडा. त्यात कॅल्शियम असतं, सोड्यानं तो निघत नाही, तो काढायला काहीतरी आंबट, म्हणजे ॲसिड हवं. ते तुमच्या घरातच आहे : दूध फाडायचं सायट्रिक ॲसिड. लिटरभर गरम पाण्यात १५ ग्रॅम, वीस मिनिटं ठेवा, ब्रश मारा, भरपूर पाण्यानं खंगाळा. आठवड्यातून एकदा पुरे.

शेवटी हायपो, म्हणजे जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइट, वरून सुगंध न घातलेलं. डब्यावर ४ टक्के लिहिलं असेल तर २० लिटरच्या बादलीला १०० मिली, १० टक्के असेल तर ४० मिली. दोन्हींत २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग पडतं. भांडं आधी स्वच्छ हवं. घाणीवर हायपो ओतला तर तो घाणीतच संपतो. रात्री नव्हे, सकाळी काम सुरू करायच्या आधी वापरा. पाचेक मिनिटांनी ओतून द्या आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं खंगाळा. रात्रभर ठेवलात तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. ऊन आणि उकाड्यात हायपोची ताकद उतरते, म्हणून घेताना तयार केल्याची तारीख बघा आणि डबा सावलीत ठेवा.

हायपो आणि आंबट एकत्र कधीच नको. आमच्याकडे एकानं ‘दोन्ही मिळून जोरात काम होईल’ म्हणून एकाच बादलीत ओतलं. क्लोरीनचा भपकारा आला, खोली रिकामी करावी लागली, तो बिचारा संध्याकाळपर्यंत खोकत होता. ॲल्युमिनियमचे कॅन असतील तर त्यांना सोडाही नको, कॉस्टिक सोडा, म्हणजे त्याहून जहाल क्षार, तर नाहीच. माझ्या पहिल्याच वर्षी मी तसा कॅन कॉस्टिकनं धुतला. फसफसून आला, आत काळाठिक्कर. सुपरवायझर जे बोलले ते मासिकात छापण्यासारखं नाही.

तर खरेदीची यादी : चार ब्रश, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, हायपोचा एक डबा, मोजमापाचा ग्लास आणि कापडाचे दोन जादा जोड. हायपो, सोडा ही धुण्याची औषधं वेगळ्या कपाटात, नाव लिहून ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतली अनुसूची ४ ही औषधं अन्नापासून वेगळी ठेवायला सांगतेच, तपासणीला आलेला अधिकारी ते बघतो.

आधी टाकी आणि कापड, बाकीचं पुढच्या आठवड्यात. पंधरा दिवसांनी कळवा, आणि झाकणाच्या आतून बोट फिरवल्यावर काय लागलं तेही लिहा.