सायबर धोरणाचे प्रशिक्षण कसे आखावे?

प्रश्न : पुण्यातील एका धोरण अभ्यास संस्थेत सरकारी अधिकाऱ्यांच्या सायबर धोरण प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. व्याख्याने चांगली होतात, पण प्रत्यक्ष कामात त्यांचा उपयोग होत नाही, असे सहभागी सांगतात. काय बदलावे?

उत्तर : व्याख्याने निम्म्यावर आणा आणि उरलेला वेळ प्रसंगाधारित सरावाला द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा संगणक यंत्रणा बंद पडून नोंदणीसह बरीच कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. तसाच प्रसंग जिल्हा रुग्णालयावर बेतून गटांपुढे ठेवा. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि यंत्रणेतील लॉग, म्हणजे घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे सराव घड्याळ लावूनच घ्या. कळवण्याचा मजकूर कोण लिहिणार, सही कोणाची, वरिष्ठ दौऱ्यावर असतील तर काय? खरी अडचण बहुधा इथेच उघडी पडते, म्हणून या टप्प्यावर अजिबात घाई करू नका. तंत्रज्ञ आणि प्रशासकीय अधिकारी एकाच गटात बसवा. निधी देणाऱ्या कंपनीला अभ्यासक्रम ठरवू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. प्रमाणपत्राआधी प्रत्येकाकडून आपल्या कार्यालयापुरती एक पानाची कार्यपद्धती लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी ती अमलात आली का, हे फोन करून विचारा.